मागच्या दोन खोल्या

म्विलाची आई स्वतःच्या स्वयंपाकघरात दाराआड अंग चोरून उभी होती, आणि बाहेर अंगणातल्या नळावर तिचा जावई सावकाश दात घासत होता. शेगडी अंगणात, शेगडीवर भाजी. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. "अगं, करपली की भाजी!" मी ओरडले. तिने मला हातानेच गप्प बस म्हणून खूण केली. जावई अंगणात आहे तोवर सासूने त्याच्या समोर जायचं नाही. तो दात घासणार, तोंड धुणार, मग फोन बघणार, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा गुळण्या करणार. आणि साठी उलटलेली बाई आपल्याच घरात चोरासारखी दाराआड उभी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता कोणी म्हणेल, प्रिस्का, तुला रीतभात कळत नाही. मला? मी नाचिंबुसा आहे. मुफुलिऱ्यात, ह्या खाणीच्या गावात, आमच्या वस्तीत ज्या पोरींची लग्नं झाली त्यातल्या निम्म्यांना नवरा, चूल, सासर, सगळं मी शिकवलंय. सासू-जावयाने एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका ताटात हात घालायचा नाही, हे आम्हा बेंबा लोकांत मीच पोरींना घोकून घेते. रीत चांगली आहे. पूर्वीसुद्धा जावई सासुरवाडीच्या गावात येऊन राहायचा, नाही असं नाही. पण तो यायचा खांद्यावर कुऱ्हाड टाकून, सासूचं रान तोडून शेत करून द्यायला. झोपडी स्वतःची स्वतः बांधायचा. आयत्या खोल्या अडवून, नळावर गुळण्या करत बसायचा नाही. ह्या लोकांनी रीतीतलं तोंड लपवायचं तेवढं ठेवलं आणि कुऱ्हाड टाकून दिली!

त्या खोल्यांचं सांगते. म्विलाचा बाप खाणीत होता. खाणीने कामगारांना घरं विकली तेव्हा हे घर त्याच्या नावावर झालं. तो गेला, आणि जे काही पैसे हातात आले त्यातून म्विलाच्या आईने मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या. विटा तिने स्वतः उचलल्या, मी साक्षीला आहे. लोक म्हणाले, मोठा टीव्ही घे, बाई, काय खोल्या बांधतेस. ती म्हणाली, "टीव्ही मला जेवायला घालणार आहे का?" खोल्या भाड्याने गेल्या. ते भाडं म्हणजे तिचं पेन्शन, दुसरं एक पैशाचं उत्पन्न नाही. महिन्याच्या सुरुवातीला मक्याच्या पिठाचं पोतं यायचं, मीटरमध्ये विजेचे पैसे पडायचे, रविवारी चर्चमध्ये बाई कडक इस्त्रीच्या कपड्यात.

मग चिसेंगाचं काम गेलं. चिसेंगा म्हणजे हाच जावई. खाणीतल्या एका कंत्राटदाराकडे होता, कंत्राटदाराने गाशा गुंडाळला. म्विला आईकडे आली, लेकीला, न्कांडूला, कडेवर घेऊन. "आई, महिनाभर राहतो गं मागच्या खोल्यांत. ह्यांना काम लागलं की जातो." पोटची पोर. आईने भाडेकरूंना हात जोडून खोल्या रिकाम्या करून घेतल्या. आणि तो महिना काही संपेना. दोन पावसाळे गेले, न्कांडू शाळेत जायला लागली, तरी ह्यांचा महिना चालूच!

बरं, काम लागलं नाही म्हणावं, तर तेही नाही. चिसेंगा कोणाची तरी मिनीबस चालवायला लागला होता. शनिवारी घरी मांस यायचं, ते मागच्या खोल्यांत शिजायचं, वास पुढे यायचा. आणि त्याने एक भोंगा आणला होता, गाणी लावायचा, माझ्या आवाराची भिंत थरथरायची. वीज कोणाची? पुढच्या मीटरची. मीटर कोण भरणार? म्विलाची आई. ती काय करत होती म्हणता? रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून कोळशाच्या पिशव्या विकत होती! खोकत खोकत. पोतं आणणारी बाई आता पामेला आणायला लागली. दुकानदार पिठाची एवढीशी पुडी बांधून विकतात ना, त्या पुडीला आमच्याकडे पामेला म्हणतात. आजची पुडी आज संपते. एकदा मी तिला दुकानात बघितलं, तिने ती पुडी पदराखाली लपवली. माझ्यापासून!

मी म्हटलं, "बोल की लेकीशी."

"बोलले. ती म्हणते, ह्यांच्यावर कर्ज झालंय, ते फिटू दे."

"मग मध्यस्थाला बोलाव." लग्न ठरवताना मुलाकडून जो निरोप घेऊन येतो, त्याच्याच तोंडून पुढे सगळ्या तक्रारी जायच्या असतात.

"तो केव्हाच सोल्वेझीला गेलाय, नव्या खाणीत. फोन उचलत नाही."

एकदा तिने नातीकडून निरोप धाडायचा प्रयत्न केला. मी तिथेच होते. "न्कांडू, बाहेर बसलेल्या माणसाला सांग, मीटर संपत आलाय, आजीकडे पैसे नाहीत." पोर पळत गेली. दारातच म्विलाने तिला धरलं, "काय निरोप आहे? मला सांग. बाबांना त्रास नको." झालं. निरोप तिथेच विरला.

तेव्हा मी स्वतः म्विलाला गाठलं. "काय गं, आईच्या तोंडचा घास काढून नवऱ्याला गुबगुबीत करतेस? हे शिकवलं होतं का मी तुला?"

ती हसली. काय हसली! "मावशी, तुम्हीच शिकवलंत ना, नवऱ्याची कमाई चव्हाट्यावर मांडायची नाही, त्याचा मान सांभाळायचा? मी सांभाळतेय." माझाच धडा मलाच म्हणून दाखवला भवानीने. आणि वर म्हणाली, "आई काय परकी आहे का? आपल्याच घरात हिशेब कसले?"

मी घरी येऊन भांडी आपटत बसले. माझा सगळा राग जावयावर होता. हा धडधाकट माणूस रीतीच्या आड लपून बसलाय, सासूला तोंड उघडता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, असंच मला वाटत होतं.

मग एक दिवस म्विलाची आई माझ्याकडे आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "प्रिस्का, मला जावयाला घरात घ्यायचंय."

मी बघतच राहिले. जावयाला घरात घ्यायचं म्हणजे आमचा मोठा सोहळा. लग्नाला वर्षं झाली, संसार नीट चालला, की सासू-सासरे सगळे पदार्थ रांधतात, जावयाला वाजतगाजत घरात आणतात, जेवू घालतात. त्या दिवसापासून तो घरचा. मग सासूने त्याच्याशी बोललं तरी चालतं, त्याने तिच्या घरात जेवलं तरी चालतं. नवरीचा गृहप्रवेश असतो तसा हा जावयाचा गृहप्रवेश. पण तो करायचा जावयाने मन जिंकलं असेल तर!

"तुझं डोकं फिरलंय का?" मी म्हटलं. "ज्याला हाकलायचा त्याला वाजतगाजत आत घेतेस?"

"हो," ती म्हणाली. "आत घेतल्याशिवाय मला त्याच्याशी बोलता येत नाही. आणि बोलल्याशिवाय मला माझ्या खोल्या मिळत नाहीत."

"आणि जेवणावळीला पैसे?"

"शाळेतल्या नव्या बाई आहेत ना, त्यांना खोल्या दिल्या. आगाऊ भाडं घेतलं. सोमवारी सामान घेऊन येतील."

"आणि सोमवारपर्यंत हे उठले नाहीत तर? त्या बाईचे पैसे कुठून परत करशील?"

"कुठून करणार? त्या पैशांच्या कोंबड्या घेतल्या मी." असं म्हणून ती उठली आणि मला म्हणाली, "गाणाऱ्या बायका तू आण. चांगल्या आण. पडेल आवाजाच्या नकोत."

म्हातारीने सगळं एकाच डावावर लावलं होतं. सोमवारी खोल्या रिकाम्या झाल्या नसत्या तर ती वस्तीत लबाड ठरली असती, शिवाय कर्जात.

शनिवारी काय तो थाट! गावठी कोंबड्या, शेंगदाण्याच्या कुटातला भोपळ्याचा पाला, शेंगदाण्यातलीच अळंबी, तळलेल्या अळ्या, सुकी मासळी, रानातल्या कंदांच्या कुटाचा चिकांडा, आणि मक्याच्या पिठाचा घट्ट, वाफाळता न्शिमा टोपलीभर. एकेका भांड्यावर झाकण, झाकण उघडायच्या आधी एकेक गाणं. म्विला नवं कापड नेसून मिरवत होती, येईल त्याला सांगत होती, "माझ्या आईने माझ्या नवऱ्याचा मान केला." मामा, म्हणजे म्विलाच्या आईचा भाऊ, लुआंश्याहून आला होता, कोट घालून. आमच्यात घरात मामाचा शब्द मोठा. कोंबडीचा वास आल्यापासून त्याचं लक्ष दुसरीकडे नव्हतं.

आम्ही चिसेंगाला हाताला धरून आत आणलं. पोरगा मान खाली घालून, घामाघूम. सासूने त्याच्या हातावर पाणी घातलं, तेव्हा पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. बायकांनी जिभा हलवून असा काही गजर केला की रस्त्यावरची माणसं थांबली. तिने स्वतःच्या हाताने न्शिमाचा घास भाजीत बुडवून त्याला दिला. त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले, आणि त्याचा मला आणखी राग आला.

जेवणं चालू झाली. मग म्विलाची आई पदर सारखा करून त्याच्यासमोर चटईवर बसली.

"न्कांडूचे बाबा, आता आपल्याला बोलता येतं ना?"

"येतं, आई. आजपासून मी तुमचा मुलगा." पुन्हा गजर.

"मुलगा. बरं झालं. मग मुलाला विचारते. माझ्या खोल्यांत राहता, त्याचं भाडं का देत नाही?"

गजर अर्ध्यातच थांबला. मामाच्या हातातली तंगडी हातातच राहिली. "अगं ताई, आज? जेवताना? पाहुण्यांसमोर?"

"तू जेव," ती म्हणाली.

चिसेंगा गोंधळला. मला वाटलं, आता हा तत पप करणार, कर्जाचं रडगाणं गाणार. तो म्हणाला, "कमी पडतं का, आई? तुम्ही सांगितलंत तेवढं दर महिन्याला देतो की मी. विजेचे वेगळे देतो. वाढवायचं असलं तर म्विलाकडे निरोप द्यायचा होता."

"मी सांगितलं?"

"म्विला म्हणाली, आईने भाडं ठरवलंय. ह्या महिन्याचं ह्या महिन्याला पाहिजे, जावई असला म्हणून सूट नाही. मी एकदाही चुकवलं नाही, आई. मिनीबसच्या मालकाकडून उचल घेतली, पण चुकवलं नाही." मग जरा हसून म्हणाला, "खरं सांगू? मी मनात म्हणायचो, ही सासू आहे की सावकार!"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना म्विलाकडे वळल्या. माझीही. नवं कापड नेसून, हातात चिकांड्याची ताटली घेऊन ती दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

माझी काय अवस्था झाली सांगू! हा माणूस बिचारा महिन्याच्या महिन्याला पैसे मोजत होता, तेही सासूला शिव्या देत देत. सासू कोळसा विकत होती, जावयाला शिव्या देत देत. आणि मधे ही, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही ह्या रीतीवर आपलं दुकान थाटून बसलेली. माझी शिष्या!

"म्विला," आई हळू आवाजात म्हणाली, "पैसे कुठे आहेत?"

"भिशीत घातले."

"भिशी लागली असेल की."

"लागली." ती ताटलीकडे बघत होती. "फरश्या घेतल्या."

"कसल्या फरश्या?"

"बैठकीच्या खोलीच्या. चांगल्या, चकचकीत. पलंगाखाली आहेत. वाया नाही घालवले मी, आई! दारू प्यायले का? बाहेर कोणाला दिले का? आपल्याच घराला लागणार आहेत."

"कुठल्या बैठकीच्या?"

"ह्याच की. मापं घेतली मी, तू कोळशाला गेली होतीस तेव्हा. पुढे कधीतरी घालायच्याच आहेत."

"पुढे म्हणजे कधी, म्विला?"

म्विलाने ताटली ह्या हातातून त्या हातात घेतली. तिथल्या एकेकीला कळलं. पुढे म्हणजे आई गेल्यावर! आई रस्त्यावर बसून खोकतेय, आणि लेक तिच्या बैठकीत दोरी लावून मापं घेतेय. मला तिला तिथेच झोडपून काढावंसं वाटलं. मी उठलेसुद्धा, बायकांनी मला खाली बसवलं.

मामाने घसा खाकरला. "जाऊ दे, ताई. लेकरू आहे. शेवटी सगळं तिचंच तर आहे."

"माझं आहे," म्विलाची आई म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "मी अजून बसलेय इथे! माझ्यासमोर बसून माझी कोंबडी खातोस, आणि माझं घर वाटतोस?" मग ती जावयाकडे वळली, आणि पुन्हा शांतपणे, अहो-जाहो करत म्हणाली, "न्कांडूचे बाबा, तुमचा दोष नाही. पण सोमवारी माझी भाडेकरीण येतेय. उद्या खोल्या झाडून द्या."

म्विला किंचाळली, "आई! आम्ही जायचं कुठे?"

"जिथे भाडं देऊन माणसं राहतात तिथे. भाडं तर तुम्ही देताच आहात."

चिसेंगा गुडघ्यावर बसला होता, तसाच टाळ्या वाजवून त्याने सासूला मान दिला, आमच्यात देतात तसा. "उद्या दुपारपर्यंत रिकाम्या करतो," म्हणाला. बायकोकडे त्याने बघितलंही नाही.

रविवारी त्याने मिनीबस आणली. पलंग गेला, भांडी गेली, तो मेला भोंगा गेला. चर्चमधून परतणारी माणसं थांबून बघत होती, आणि म्विला प्रत्येकाला ऐकू जाईल असं रडत होती, "सख्ख्या आईने घराबाहेर काढलं!" कोणी कोणी हळहळलेही. मी कुंपणावरून सांगितलं त्यांना, हळहळायचं असेल तर पूर्ण गोष्ट ऐकून हळहळा. शेवटी पलंगाखालची खोकी निघाली. चांगली जड खोकी. चिसेंगा एक उचलून गाडीत ठेवायला निघाला, तर सासू पुढे आली. आता ती येऊ शकत होती.

"ती राहू द्या."

"आई, त्या माझ्या आहेत!" म्विला धावली.

म्विलाच्या आईने खोकं फाडून एक फरशी बाहेर काढली, पदराने पुसली, उन्हात धरली. "रंग बरा निवडलास," म्हणाली. "माझ्या भाड्याच्या आहेत. इथेच राहतील." चिसेंगाने खोकी एकेक करून पुढच्या खोलीत नेऊन रचली. सोमवारी शाळेच्या बाई आल्या, आणि त्याच आठवड्यात गवंडी आला. त्याची मजुरी जावयाने दिली, कोणी मागितली नव्हती.

आता पोतं पुन्हा येतं. कोळशाचं गोणपाट तिने मला देऊन टाकलं. चिसेंगा अधूनमधून न्कांडूला घेऊन येतो, जेवतो, सासूशी गप्पा मारतो. म्विला येत नाही. वस्तीतल्या बायका माझ्या मागे लागल्यात, तू तिची नाचिंबुसा, तू मिटव. मी कशाला मिटवू? परवा तिनेच मला बाजारात गाठलं आणि म्हणाली, "मावशी, आईला सांगा, चारचौघांत माझी लाज काढली, तिने एकदा येऊन मला समजवावं, मग मी येईन." आईने जाऊन समजवावं! मला एवढा संताप आला की टोमॅटो घ्यायचेच राहिले.

तरी निरोप मी पोचवला. म्विलाची आई बैठकीत नव्या फरशीवर पाय पसरून बसली होती, चहा पीत. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे ओले झाले, तिने कप खाली ठेवला. लेक आहे, आठवण येणारच, त्याला काय करणार.

मग म्हणाली, "यायचं तर ये म्हणावं. दार उघडंच आहे. फक्त पाय पुसून ये."